फिरत्या घराची वीज

अमेरिकेंतील मोठमोठे देखावे पाहून आलेल्या मंडळींनीं त्यांचीं वर्णनें आजवर पुष्कळ लिहिलीं आहेत, आणि ग्रँड कॅन्यनसारख्या अजस्र दरीचें यथायोग्य वर्णन करण्यास आमच्याहून समर्थ लेखण्या अनेक आहेत. म्हणून त्या दरीविषयीं आम्ही आज थोडेंच सांगणार आहों. आमचा मुख्य विषय म्हणजे त्या दरीच्या कांठापर्यंत आमच्याबरोबर आलेलें एकवीस किलो वजनाचें एक लहानसें यंत्र. तें निवडतांना आमच्या घरांत जो वाद झाला आणि निवडल्यानंतर त्यानें आम्हांस जो धडा दिला, तो ज्या घरांत वडीलधारीं माणसें आहेत अशा प्रत्येक घरानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमचा पुतण्या ॲरिझोना संस्थानांत फीनिक्स शहरीं नोकरीनिमित्त राहतो. गेल्या मार्च महिन्यांत त्याच्या आग्रहावरून आमचे थोरले बंधु, वहिनी आणि आम्ही असे तिघे त्याच्याकडे गेलों. तेथें पोंचल्यावर कळलें, कीं चिरंजिवांनीं आमच्या प्रवासाकरितां एक जुनें फिरतें घर विकत घेऊन ठेविलें आहे. तिकडे अशा गाडीस लहानथोर सारे 'आर.व्ही.' एवढेंच म्हणतात. कांहीं आर.व्ही. मोटारीच्या मागें जोडून ओढावयाच्या असतात, कांहींचें इंजिन त्यांचें स्वतःचें असतें. आमची दुसऱ्या जातीची होती. आंत सहा माणसांच्या निजण्याची सोय, गॅसची शेगडी, मोरी, न्हाणीघर, शीतकपाट, सारें कांहीं होतें. वहिनींनीं आंत पाऊल ठेवतांच प्रथम शेगडी पाहिली, मग डबे ठेवण्याच्या फळ्या पाहिल्या, आणि "हें आपल्या सदाशिव पेठेंतल्या पहिल्या बिऱ्हाडाहून मोठें आहे हो भाऊजी," असा अभिप्राय दिला.

या घराला उणीव एकच होती. गाडीच्या पोटांत जनरेटर बसविण्याचा जो कप्पा असतो, तो रिकामा होता. पूर्वींच्या मालकानें तें यंत्र काढून घेतलें होतें. आतां वाचक विचारतील, कीं विजेवांचून अडतें कोठें? शहरालगतच्या मुक्कामतळांवर विजेचे खांब असतात. त्यांस गाडीची केबल जोडली कीं १२० व्होल्टची वीज मिळूं लागते. लहान जोडणी ३० अँपिअरची, म्हणजे ३,६०० वॅटपर्यंतची असते, व मोठ्या गाड्यांकरितां ५० अँपिअरची असते. परंतु सरकारी अरण्यें, वाळवंटें आणि राष्ट्रीय उद्यानांतील बहुतेक तळ येथें खांब नाहींत. तेथें ज्यानें त्यानें आपली वीज आपण उत्पन्न करावी लागते.

आणि आमच्या घरांत विजेची गरज केवळ दिव्याबत्तीपुरती नव्हती. दादांना, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंना, झोपेंत श्वास अडण्याचा विकार आहे. त्यांचें वय ७४. रात्रीं नाकावर मुखवटा लावून, एका लहान यंत्रानें हवेचा हलका दाब देत राहिलें म्हणजे त्यांचा श्वास नीट चालतो. हें यंत्र एकहि रात्र चुकवूं नये, असें डॉक्टरांनीं बजावून सांगितलें होतें.

मोठ्या प्रवासापूर्वीं परीक्षा पाहावी म्हणून आम्ही प्रथम पश्चिमेस सुमारें दोनशें किलोमीटरांवर असलेल्या क्वार्ट्झसाइट गांवीं गेलों. हें गांव म्हणजे वाळवंटांतील एक नवलच आहे. कायमची वस्ती अवघी अडीच हजारांच्या आसपास. परंतु उत्तरेकडील संस्थानांत बर्फ पडूं लागला कीं पेन्शनर मंडळी आपापलीं फिरतीं घरें घेऊन येथें उतरतात, आणि भोंवतालच्या सरकारी माळावर हजारों गाड्यांची वस्ती होते. १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत एकच परवाना काढून येथें राहतां येतें. ना खांब, ना नळ. दगडगोटे, खुरटीं झुडपें, आणि हात उभारून राहिल्यासारखे दिसणारे सग्वारो नांवाचे प्रचंड निवडुंग.

गांवच्या स्मशानांत दगडांचा एक लहानसा पिरॅमिड आहे व त्याच्या माथ्यावर धातूचा उंट बसविलेला आहे. हें हाजी अली नांवाच्या उंटवाल्याचें स्मारक. मुंबईकर वाचकांस हें नांव ऐकून वरळीचा दर्गा आठवेल, पण हा गृहस्थ निराळा. १८५६ सालीं अमेरिकन सैन्यानें वाळवंटांतून ओझीं वाहण्याकरितां उंट आणविले, तेव्हां त्यांच्याबरोबर तो आला. तिकडच्या लोकांनीं त्याच्या नांवाचें 'हाय जॉली' करून टाकलें. उंटांचा तो प्रयोग पुढें सोडून देण्यांत आला. हाजी अली मात्र तेथेंच राहिला व १९०२ सालीं वारला. हें स्मारक १९३५ मधलें आहे. वाळवंटांत प्रवास करावयाचा तर वाहन कोणतें, पाणी किती आणि ओझें किती, हा विचार तेथें किती जुना आहे, हें त्या पिरॅमिडापाशीं उभें राहिल्यावर मनांत आलें.

पहिल्याच रात्रीं आमची फजिती झाली. गाडींत शिशाच्या जातीची एक १२ व्होल्टची बॅटरी होती. तीवर १०० अँपिअर-तास असें लिहिलेलें होतें. त्यावरून तींत १,२०० वॅट-तास वीज आहे असें आम्हीं मानिलें. परंतु अशा बॅटरींतील निम्मीच वीज वापरावी, त्यापेक्षां अधिक उपसल्यास ती लवकर निकामी होते, ही गोष्ट आमच्या गांवीं नव्हती. बॅटरी जुनी. त्यांत वाळवंटांतील थंडीमुळें गाडी गरम ठेवणाऱ्या भट्टीचा पंखा चालू, आणि दादांच्या यंत्रांत हवा ओलसर करणारें पाणी तापविण्याची सोयहि चालू. पहांटे तीनच्या सुमारास दिवे मंद झाले, यंत्राची घरघर थांबली आणि दादा दचकून उठून बसले. उरलेली रात्र त्यांनीं पाठीशीं उशा लावून बसूनच काढिली. वहिनीहि त्यांच्या शेजारीं बसून होत्या. पुतण्याचें तोंड इतकें उतरलें, कीं त्याला कोणी कांहीं बोललें नाहीं.

सकाळीं आमच्या शेजारच्या गाडींतील वृद्ध गृहस्थ चौकशीस आले. आयुष्यभर त्यांनीं विजेच्या तारा ओढण्याचें काम केलेलें होतें. त्यांनीं आपल्या गाडीच्या पोटांतील जनरेटर आम्हांस उघडून दाखविला. त्यावर 'ओनान' असें नांव होतें. डेव्हिड ओनान यानें १९२० सालीं मिनिॲपोलिस येथें काढिलेली ही कंपनी पुढें कमिन्स कंपनीनें घेतली. कमिन्स हें नांव वाचतांच दादांची रात्रीची ग्लानि कोठल्या कोठें गेली! १९६२ सालीं पुण्यास कोथरूड येथें किर्लोस्कर-कमिन्स या नांवानें जी कंपनी निघाली, व जी आज कमिन्स इंडिया म्हणून ओळखली जाते, तींतच त्यांची सारी नोकरी झाली. त्यांनीं गुडघे टेकून तें यंत्र निरखिलें, नांवाच्या पट्टीवरून हात फिरविला, आणि दोघे वृद्ध इंजिनांसंबंधीं बोलूं लागले ते दुपारच्या जेवणापर्यंत.

त्या संभाषणांतून आम्हांस जें समजलें तें सांगण्याजोगें आहे. जुन्या तऱ्हेच्या जनरेटरांत इंजिनाच्या फेऱ्यांवर विजेचीं आवर्तनें अवलंबून असतात. अमेरिकेंतील वीज सेकंदास ६० आवर्तनांची, म्हणून तेथील लहान यंत्रांस मिनिटास ३,६०० फेरे घ्यावे लागतात. तुम्ही एक दिवा लावा कीं वीस, इंजिन आपलें त्याच वेगानें ओरडत राहतें. दुसरी तऱ्हा इन्व्हर्टर जनरेटरची. हींत उत्पन्न झालेली वीज आधीं एकदिश करतात व मग इलेक्ट्रॉनिक मंडलाच्या साह्यानें तिचीं पुन्हां बरोबर ६० आवर्तनें बनवितात. त्यामुळें इंजिनाचा वेग आणि विजेचीं आवर्तनें यांचा संबंध सुटतो. भार थोडा असेल तर इंजिन हळू चालतें, तेल थोडें जळतें, आवाज थोडा होतो. शिवाय अशी वीज अधिक सुरळीत असल्यानें दादांच्या यंत्रासारख्या नाजूक उपकरणांस ती मानवते.

सायंकाळीं त्या माळावर हिंडतांना हा फरक आम्हीं कानांनींच ओळखला. एका बाजूस उघड्या चौकटीचा मोठा जनरेटर चालला होता, त्याच्या भोंवतीं पन्नास पावलांत कोणी खुर्ची टाकून बसलें नव्हतें. दुसरीकडे लहान पेटीएवढें यंत्र गुणगुणत होतें आणि त्याच्या शेजारच्या दोन कुटुंबांच्या गप्पा चालल्या होत्या.

फीनिक्सला परत येतांच आम्ही सारे दुकानांत गेलों. विक्रेता मोठा उत्साही होता. त्यानें ७,००० वॅटचा जनरेटर पुढें केला. वजन शंभर किलोच्या आसपास, किंमत बेताची. "यावर घरांतील सर्व वस्तु एकाच वेळीं चालतील," हें त्याचें पालुपद. तो मधून मधून 'गॅस' म्हणे, तेव्हां वहिनींस वाटे कीं हें यंत्र शेगडीच्या गॅसवर चालतें. तिकडे पेट्रोलास गॅस म्हणतात व शेगडीच्या वायूस प्रोपेन म्हणतात, हें कळल्यावर त्यांनीं दोन्हींतील फरक विचारला. पेट्रोल सर्वत्र मिळतें व त्यापासून शक्ति थोडी अधिक मिळते, परंतु तें महिनेच्या महिने टांकींत राहिलें तर चिकटा धरून कार्ब्युरेटर बंद पाडतें. प्रोपेन नासत नाहीं, मात्र शक्ति थोडी कमी पडते. डिझेलचीं यंत्रें दणकट, परंतु तीं मोठ्या डिझेल गाड्यांसच शोभतात.

दादांचें मन मोठ्या यंत्राकडे ओढत होतें. "अरे, यंत्र नेहमीं गरजेहून मोठें असावें. अर्ध्या बळावर चाललें म्हणजे दीर्घायुषी होतें," असें त्यांनीं पुतण्यास सांगितलें. पुतण्यालाहि तें पटलें, कारण क्वार्ट्झसाइटची ती रात्र त्याच्या मनांतून गेली नव्हती. पैसे देण्याचीच काय ती बाकी होती. तेवढ्यांत वहिनी म्हणाल्या, "अहो, पण आपल्याला लागते किती, तें तर कोणी मोजलेंच नाहीं!"

आम्ही रिकाम्या हातांनीं घरीं आलों. रात्रीं जेवणें आटोपल्यावर वहिनींनीं वही घेतली आणि सूनबाईच्या मदतीनें, वाण्याची यादी करावी तशी विजेची यादी केली. दादांचें यंत्र ४० वॅट, आठ तास, म्हणजे ३२० वॅट-तास. पाणी तापविण्याची त्यांतील सोय प्रवासापुरती बंद ठेवण्यास हरकत नाहीं, असें डॉक्टरांस विचारून घेतलें होतें. दिवे १२०. भट्टीचा पंखा सुमारें ८५ वॅट, थंड रात्रीं एकंदर चार तास, म्हणजे ३४०. पाण्याचा पंप ४०. फोन व संगणक १००. चटणीवाटणाकरितां मिक्सर ५५० वॅटचा, पण सहा मिनिटें, म्हणजे ५५. मायक्रोवेव्ह १,५०० वॅट ओढतो, पण दिवसाकांठीं दहा मिनिटें, म्हणजे २५०. शीतकपाट प्रोपेनवर चालणारें, त्याला वीज नांवापुरती. बेरीज आली १,२२५. आपल्या घरीं विजेच्या बिलावर जें एक युनिट असतें तें १,००० वॅट-तासांचें. म्हणजे सहा माणसांच्या या फिरत्या संसारास दिवसाला लागणारी वीज अवघी सव्वा युनिट!

दादांनीं ती बेरीज दोनदां तपासली. मग स्वतःशींच हंसले. "सात हजारांचें यंत्र ही वीज दहा-अकरा मिनिटांत काढील," ते म्हणाले, "आणि उरलेला वेळ नुसतें बोंबलत बसेल. आम्ही गिऱ्हाइकांना सांगत असूं, कीं डिझेल इंजिन हलक्या भारावर फार वेळ चालवूं नका, त्यांत काजळी धरते. मोठें यंत्र दीर्घायुषी होतें तें काम असेल तर. रिकाम्या बसलेल्या यंत्राचें आयुष्य वाढत नाहीं."

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. दिवसाची एकंदर वीज निराळी आणि एका क्षणीं लागणारें बळ निराळें. छपरावरचें हवा थंड करणारें यंत्र चालूं असतां सुमारें दीड हजार वॅट घेतें, पण सुरू होण्याच्या क्षणीं त्याच्या दुपटीच्या जवळपास ओढतें. ज्यांस तें रानांत चालवावयाचें आहे, त्यांनीं ३,००० ते ४,००० वॅटचें यंत्र घ्यावें, अथवा दोन लहान यंत्रें एकमेकांस जोडावीं, अथवा सुरुवातीचा झटका कमी करणारें उपकरण बसवून घ्यावें. आम्हांस मार्चमध्यें थंड डोंगरावर जावयाचें होतें, त्याची जरुरी नव्हती. म्हणून असें ठरलें, कीं वीज सांठविण्याचें काम बॅटरीनें करावें आणि जनरेटरनें ती बॅटरी भरावी, एवढेंच. रात्रीं यंत्र चालविण्याचा प्रश्नच नको.

त्याप्रमाणें लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीच्या १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या घेतल्या. त्यांतील जवळजवळ सारी वीज वापरतां येते, म्हणजे दोहोंची मिळून अडीच युनिटें. त्या भरण्यास ५० अँपिअरचा चार्जर, जो सुमारें ७०० वॅट आंत घालतो. आणि जनरेटर घेतला तो २,२०० वॅटच्या वर्गांतला, पेट्रोलवर चालणारा इन्व्हर्टर. या वर्गांतील होंडाचें यंत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. क्षणभर २,२०० आणि सतत १,८०० वॅट देणारें, साडेतीन लिटरांहून थोडें अधिक पेट्रोल मावणारें, चतुर्थांश भारावर एका टांकींत आठ तास चालणारें. आम्हीं घेतलेलें साधारण याच मापाचें. एका हातानें उचलतां येतें. पुढें गरज भासली तर तसेंच दुसरें त्यास जोडतां येईल. सव्वा युनिट भरण्यास त्या चार्जरास पावणेदोन तास लागतात. हे पावणेदोन तास पुढें कसे नेमके उपयोगीं पडले तें आतां सांगतों.

फीनिक्सहून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कांठ सुमारें ३७० किलोमीटर आहे. रस्ता सारखा चढत जातो. आधीं सग्वारो निवडुंग, मग गवताळ माळ, आणि फ्लॅगस्टाफ जवळ येतांच उंचच उंच पाइन वृक्षांचें अरण्य. दरीचा तो कांठ समुद्रसपाटीपासून सुमारें ७,००० फूट उंच आहे, महाबळेश्वराहून दीडपट उंच. राष्ट्रीय उद्यान झालें तें १९१९ सालीं. तेथील मोठ्या तळास राष्ट्रीय उद्यान खात्याचे पहिले संचालक स्टीफन मॅथर यांचें नांव दिलेलें आहे. दाट झाडींत गाड्या उभ्या करण्याच्या जागा आहेत, पण विजेचे खांब नाहींत. जनरेटर चालविण्यास सकाळीं दोन तास आणि सायंकाळीं दोन तास एवढीच परवानगी. तळाच्या एका भागांत तर तो मुळींच चालवूं देत नाहींत. शिवाय राष्ट्रीय उद्यानांचा सर्वसाधारण नियमच आहे, कीं पन्नास फुटांवरून मोजला असतां कोणत्याहि यंत्राचा आवाज ६० डेसिबेलवर जातां कामा नये. दोन माणसांच्या साध्या बोलण्याचा आवाज साधारण एवढाच असतो. तें सात हजारांचें यंत्र घेतलें असतें तर येथें आम्हांस तें बहुधा सुरूच करतां आलें नसतें.

पोंचल्या संध्याकाळींच उंचीचा प्रताप कळला. वहिनींनीं भात गरम करण्यास मायक्रोवेव्ह लावला आणि जनरेटर गुदमरून बंद पडला. हवा जितकी विरळ तितका इंजिनास प्राणवायु कमी. दर हजार फुटांस साडेतीन टक्के बळ घटतें, असें धरून चालतात. सात हजार फुटांवर चौथा हिस्सा गेला, १,८०० वॅटचे साडेतेराशें राहिले. चार्जरास तेवढे पुष्कळ होते, मायक्रोवेव्हला पुरेसे नव्हते. वहिनींनीं भात शेगडीवर परतला, वर फोडणी घातली, आणि प्रश्न मिटला. बॅटऱ्या ठरल्या वेळांत भरल्या, यंत्र बंद झालें, आणि रात्रभर दादांचा श्वास संथ चालला. आम्हीं मनांत म्हटलें, निवड अगदीं बिनचूक झाली.

दुसऱ्या संध्याकाळीं हा अभिमान उतरला. आभाळ भरून आलें आणि बारीक हिम भुरभुरूं लागलें. चालत्या जनरेटरवर पाणी पडणें धोक्याचें असतें, म्हणून पुतण्यानें तो गाडीच्या मागच्या बाजूस, आडोशास, भिंतीलगत नेऊन ठेविला. आम्हींच तसें सुचविलें होतें. बाहेर कडाक्याची थंडी. दादा मागच्या खाटेवर पांघरूण घेऊन पडले होते. शेगडी पेटलेली असल्यामुळें त्यांच्या उशाशीं असलेली खिडकी वहिनींनीं दोन बोटें उघडी ठेविली होती. अर्धा तास झाला असेल नसेल, तोंच छताजवळचें एक लहान उपकरण कर्कश वाजूं लागलें. आम्हांस वाटलें, फोडणीचा धूर झाला. पण दहा वर्षांची नात ओरडली, "आजोबा, हा धुराचा नाहीं! चार वेळां वाजतोय तो विषारी वायूचा!" तिला हें शाळेंत शिकविलेलें होतें.

पुतण्यानें धांवत जाऊन इंजिन बंद केलें. सूनबाईनें शेगडी बंद करून दारें-खिडक्या सताड उघडल्या. आम्हीं दादांना हात देऊन बाहेर आणिलें. त्यांचें डोकें जड झालें होतें, "जरा झोंप येत होती एवढेंच," असें ते म्हणत होते. हिमांत, शालीखालीं, आम्ही सहाजण झाडाखालीं कितीतरी वेळ उभे होतों. त्यांस मोकळ्या हवेंत लौकरच बरें वाटलें, आणि उद्यानाच्या माणसांस बोलावून आम्हीं खात्री करून घेतली. पण आमचे हात थरथरत होते ते केवळ थंडीनें नव्हे.

घडलें होतें तें असें. वाऱ्यानें दिशा बदलली, आणि इंजिनाचा धूर भिंतीवर आपटून त्या दोन बोटांच्या फटींतून आंत येऊं लागला. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायु वाहणारें द्रव्य प्राणवायूपेक्षां या वायूस सुमारें दोनशेंपट अधिक आवडीनें धरून ठेवतें. माणसास गुंगी येते, आणि निजलेला माणूस निजलेलाच राहतो. ज्याचा श्वास रात्रीं नीट चालावा म्हणून आम्हीं हें यंत्र निवडलें, त्याच्याच श्वासावर तें उठलें होतें. दोष यंत्राचा नव्हता, विकणाराचाहि नव्हता. वॅट मोजले, डेसिबेल मोजले, वजन मोजलें. यंत्र ठेवावयाचें कोठें, हें अंतर मात्र कोणीं मोजलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें जाड तारेची लांब केबल आणिली. त्यानंतर जनरेटर वीस फुटांहून अधिक दूर, वारा गाडीकडून त्याच्याकडे वाहत असेल अशा बाजूस, धुराडें पलीकडे करून आणि शेजारच्या गाडीकडेहि धूर जाणार नाहीं असें पाहून ठेवीत असूं. हिम किंवा पाऊस असेल तर तो चालवावयाचाच नाहीं. बॅटऱ्यांत दोन दिवसांची वीज होतीच, मग घाई कशाची? आणि इंजिन चालूं असेतों कोणीहि आंत निजावयाचें नाहीं, हा नियम वहिनींनीं घातला.

शेवटच्या पहांटे आम्ही आणि दादा दोघेच कांठावर गेलों. उजाडत होतें. खालीं एक मैल खोल अंधार, आणि समोरच्या कड्यांच्या माथ्यांवर पहिला तांबूस प्रकाश. कड्यांचे थर एकाखालीं एक उजळत गेले. इतकी शांतता होती, कीं दूर उडणाऱ्या कावळ्याच्या पंखांचा फडफडाट ऐकूं येत होता. दादा बराच वेळ कठड्याला धरून उभे होते. मग म्हणाले, "आयुष्यभर इंजिनें केलीं रे. तीं बंद असावींत असें आज प्रथमच वाटलें."

असो. आपल्याकडेहि आतां अशीं फिरतीं घरें दिसूं लागलीं आहेत. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. पुढेंमागें आमच्या वाचकांपैकीं कोणी आईवडिलांस घेऊन अशा गाडींतून कोंकणांत उतरतील. त्यांस आमचें सांगणें इतकेंच, कीं दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतील गृहिणीकडून यादी करून घ्यावी, आणि एकदम लागणारें बळ किती व दिवसाची वीज किती, हे दोन आंकडे निरनिराळे मांडावे. डोंगरावर जाणार असल्यास बळांतून चौथा हिस्सा आधींच वजा धरावा. बॅटरी मोठी घ्यावी व जनरेटर लहान. तो महिन्यांतून एकदां थोडा भार देऊन चालवावा, म्हणजे पेट्रोलाचा चिकटा धरत नाहीं. आणि विषारी वायूची सूचना देणारें तें तळहाताएवढें उपकरण, ज्याकडे आम्हीं निघतांना पाहिलेंहि नव्हतें, तें चालू आहे याची खात्री केल्यावांचून गाडी अंगणाबाहेर काढूं नये.